ध्रुवीय प्रकाश आपल्याकडून दिसतो का? हानलेचा लाल उजेड, गावागावांचा हिशेब आणि फोटो काढायची रीत

१० मे २०२४, शुक्रवार, अक्षय तृतीया. आपल्याकडे आमरस-पुरीची जेवणं आटोपून घरं निजली होती. त्याच रात्री लडाखमधल्या हानले इथे वेधशाळेच्या आवारातले कॅमेरे क्षितिजाजवळ पसरलेला लाल उजेड टिपत होते. तो ना वणवा होता, ना पहाटेचं तांबडं. नॉर्वे, आइसलँडला लोक लाखो रुपये खर्चून जो ध्रुवीय प्रकाश बघायला जातात, त्याचंच हे भारतातलं रूप होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो फोनोफोनी फिरले आणि लगेच प्रश्न सुरू झाले. आपल्या गच्चीवरून दिसेल का? लडाखला गेलं तर नक्की दिसेल का? मोबाइलवर येतो का? सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली की हेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हा लेख. बेळगाव-निपाणीपासून पणजी, हैदराबाद, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंतच्या वाचकांसाठी गावागणिक हिशेबही खाली दिला आहे.

थोडक्यात

- भारतातून ध्रुवीय प्रकाश कॅमेऱ्यात आला आहे, पण तो लडाखमधून आणि मोठ्या भूचुंबकीय वादळाच्या वेळीच.
- आपल्याकडे दिसतो तो क्षितिजालगतचा लाल पट्टा. डोक्यावर नाचणारे हिरवे पडदे भारतातून दिसत नाहीत.
- डोळ्यांआधी तो कॅमेऱ्याला दिसतो.
- महाराष्ट्र आणि आसपासच्या गावांतून दिसणं जवळजवळ अशक्य. 'जवळजवळ' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, त्याचं कारण १८७२ सालचं आहे.

हा उजेड होतो कसा?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. कधी कधी सूर्याच्या बाहेरच्या थरातून अब्जावधी टन तप्त द्रव्य एकदम उसळून अवकाशात फेकलं जातं. ते पृथ्वीच्या दिशेने आलं तर साधारण एक ते तीन दिवसांत इथे पोहोचतं आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हादरा देतं. हेच भूचुंबकीय वादळ.

अशा वादळात विद्युतभारित कण चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडच्या वातावरणात उतरतात आणि तिथल्या ऑक्सिजन, नायट्रोजनवर आदळतात. त्यातून मिळालेली ऊर्जा हे वायू उजेडाच्या रूपात परत टाकतात. साधारण १०० ते १५० किमी उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजेड देतो, २०० किमीच्या वरचा लाल. हवा दाट असेल तर लाल उजेड फुटायच्या आतच अणूची ऊर्जा टकरीत निघून जाते. म्हणून लाल रंग फक्त खूप उंचावर, विरळ हवेत तयार होतो.

मे २०२४ चं वादळ एआर ३६६४ नावाच्या सौरडागांच्या गटातून आलं. हा गट इतका मोठा होता की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा पृथ्व्या ओळीने मावल्या असत्या. त्यातून एकामागून एक द्रव्याचे लोट सुटले. भारतीय वेळेप्रमाणे १० मे रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास पहिला हादरा बसला. वादळाला जी-५ हा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. ऑक्टोबर २००३ नंतर तो पहिल्यांदाच मिळत होता. वादळ शिगेला पोहोचलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे आठ वाजत आले होते आणि ऊन पडलं होतं. म्हणजे भारताच्या वाट्याला त्या रात्रीचा सुरुवातीचा भागच आला.

हानलेहून लालच का दिसला?

याचं उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. लांबच्या गावाचा दिवा दिसत नाही, पण तिथल्या डोंगरावरचा दिवा दिसतो, तसंच हे. १०० किमी उंचीवरचा हिरवा उजेड जास्तीत जास्त १,१०० किमी दूरपर्यंत दिसू शकतो. त्यापलीकडे तो क्षितिजाखाली जातो. ३०० ते ४०० किमी उंचीवरचा लाल उजेड मात्र साधारण १,९०० ते २,२०० किमीवरूनही क्षितिजावर डोकावतो.

हानले सुमारे ३३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून इतकं अंतर उत्तरेला मोजलं तर आपण कझाकस्तानच्या उत्तर भागात पोहोचतो. तिथल्या आकाशात पेटलेल्या उजेडाचा फक्त वरचा लाल शेंडा लडाखमधून दिसतो. खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या पाठीआड राहतो.

दुसरी अडचण चुंबकीय ध्रुवाची. उत्तर गोलार्धातला भूचुंबकीय ध्रुव अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे. न्यूयॉर्क भूगोलात ४१ अंशांवर आहे, पण भूचुंबकीय हिशेबाने ते ५० च्या आसपास जातं. आपलं उलट आहे. हानलेचे ३३ अंश चुंबकीय हिशेबाने २४ च्या आसपास येतात. चुंबकीय विषुववृत्त तर भारताच्या दक्षिण टोकावरून, तिरुनेलवेलीजवळून जातं. या बाबतीत आपला देश रांगेत मागे उभा आहे.

आपल्या गावाचा हिशेब

तुमच्या गावातून उत्तरेच्या क्षितिजावर लाल उजेड दिसायचा असेल, तर तो साधारण १७ ते २० अंश उत्तरेला आकाशात पेटलेला हवा. त्यावरून:

- पणजी आणि बेळगाव, १५ ते १६ अंश: उजेड थेट लेह-लडाखच्या डोक्यावर हवा.
- हैदराबाद, सुमारे १७ अंश: लडाखच्या उत्तर टोकापासून चीनच्या शिनजियांग प्रांतापर्यंत.
- बडोदा आणि इंदूर, २२ ते २३ अंश: किर्गिझस्तानच्या आकाशात.
- ग्वाल्हेर, २६ अंश: कझाकस्तानातल्या अल्माटी शहरावर आणि त्याच्या थोडं उत्तरेला.
- हानले, ३३ अंश: कझाकस्तानच्या उत्तर भागात.

हे आकडे क्षितिज अगदी स्वच्छ असेल तरचे आहेत. धूळ, बाष्प आणि शहराचे दिवे यांमुळे क्षितिजालगतचे पहिले पाच-दहा अंश आपल्याकडे वायाच जातात. त्यामुळे उजेड याहूनही जवळ यावा लागतो. या यादीत सगळ्यांत बरी बाजू ग्वाल्हेरची, पण तीही फक्त कागदावर.

मुंबईची रात्र आणि कुलाब्याची नोंद

तरीही 'कधीच नाही' असं म्हणता येत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद तेव्हाच्या वर्तमानपत्रात आहे. त्याच वादळात मुंबई-एडन समुद्री तारेवरचा संदेशव्यवहारही विस्कळीत झाला होता. मुंबई १९ अंशांवर आहे. तेव्हा रस्त्यांवर आजचे झगझगीत दिवे नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं.

या विषयाशी मराठी मुलखाचं नातं त्याहून जुनं आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी होत होती. सप्टेंबर १८५९ मध्ये आजवरच्या ज्ञात वादळांपैकी एक सर्वांत मोठं वादळ आलं. ते कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखलं जातं. तेव्हा कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं नोंदलं गेलं. या वादळाचा अभ्यास करणारे जगभरातले शास्त्रज्ञ आजही ती नोंद उघडतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. ती आजही सुरू आहे आणि पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे तिचं काम आहे. आपल्या आकाशात वादळ दिसलं नाही तरी अलिबागच्या उपकरणात त्याची रेघ उमटतेच.

शक्यता कधी? इशारा कसा वाचायचा?

मे २०२४ ही एकटी रात्र नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये हानलेच्या चहूदिशा कॅमेऱ्याने ध्रुवीय प्रकाश टिपला होता. १० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, ऐन नवरात्रात, लडाखचं आकाश पुन्हा लाल झालं. या दोन्ही वेळी वादळाचा दर्जा जी-४ होता. यावरून एक साधा नियम निघतो:

- जी-१ ते जी-३: भारतातून आशा धरू नका. बातमीत 'सौर वादळ' हा शब्द आला म्हणून गच्चीवर जाण्यात अर्थ नाही.
- जी-४: लडाखमध्ये कॅमेरा लावून ठेवण्यासारखं.
- जी-५: लडाखमध्ये रात्र जागण्यासारखी. काश्मीर आणि हिमाचलच्या उंच, काळोख्या भागातही उत्तरेकडे कॅमेरा लावायला हरकत नाही.

केपी नावाचा आकडाही बातम्यांत येतो. तो ० ते ९ असतो. जी-४ म्हणजे केपी ८ आणि त्याच्या वर, जी-५ म्हणजे ९. अंदाज बहुधा जागतिक वेळेत दिलेला असतो. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. वादळाचा जोर आपल्या दिवसा येणार असेल तर केपी ९ असूनही उपयोग नाही.

दोन-तीन दिवस आधीचा अंदाज हवामानाच्या अंदाजासारखा ढोबळ असतो. खात्रीचा इशारा मिळतो तो पृथ्वीपासून १५ लाख किमीवरच्या यानांकडून. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. पण कण तिथून पृथ्वीवर यायला साधारण १५ मिनिटं ते एक तास लागतो. म्हणजे पक्की बातमी कळल्यावर बेळगावहून लेहचं विमान पकडायला वेळच उरत नाही. जो आधीच तिथे आहे त्यालाच दिसणार.

सूर्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं. सध्याचं चक्र शिखराच्या काळात पोहोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. शिखरानंतरच्या उताराच्या वर्षांतही मोठी वादळं येतात. २००३ चं वादळ तसंच आलं होतं. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असण्याच्या काळात, वादळांचं प्रमाण थोडं जास्त असतं.

फोटो कसा काढायचा?

मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला लाल रंग नीट कळत नाही. कॅमेरा दहा-वीस सेकंद उजेड साठवतो, म्हणून डोळ्यांना राखाडी किंवा काहीच न दिसणारी जागा फोटोत लालभडक येते. प्रत्यक्षात फोटोसारखं दिसलं नाही तर निराश होऊ नका, ते तसंच असतं.

कॅमेरा असेल तर:

- मजबूत ट्रायपॉड हवाच. वारा असेल तर त्याला पिशवीचं वजन लटकवा.
- १४ ते २४ मिमीची रुंद लेन्स, छिद्र एफ २.८ किंवा त्याहून मोठं.
- आयएसओ १६०० ते ३२००, वेळ १० ते २० सेकंद. उजेड जोरदार असेल तर वेळ पाच सेकंदांपर्यंत कमी करा.
- ऑटोफोकस बंद. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हाताने फोकस साधा आणि मग रिंगला हात लावू नका.
- व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ३५०० ते ४५०० केल्विनच्या दरम्यान कायम ठेवा. फोटो रॉ स्वरूपात घ्या.
- बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

मोबाइल असेल तर नाइट मोड किंवा प्रो मोड लावा. मोबाइल हातात धरू नका, स्टँडवर ठेवा. बरेच फोन स्थिर असल्याचं ओळखूनच १० ते ३० सेकंदांचा वेळ देतात. फ्लॅश बंद, झूम नाही, लेन्स पुसलेली. फोन चांगला असो की साधा, स्टँडशिवाय हा फोटो येत नाही.

कॅमेरा कोणताही असला तरी रोख उत्तरेकडे ठेवा आणि शक्य असेल तर चौकटीत ध्रुवतारा, सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा येऊ द्या. फोटो कुठल्या दिशेचा, याचा तो पुरावा ठरतो. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची गावाच्या अक्षांशाइतकी असते. बेळगावात सुमारे १६ अंश, हानलेत ३३. त्यामुळे फोटो कुठल्या पट्ट्यातला आहे हेही त्यावरून कळतं.

सराव मात्र इथेच करा. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटमाथ्यावर, पावसाळा सोडून, अमावास्येच्या आसपासच्या रात्री आकाशगंगेचा फोटो नीट जमला की ध्रुवीय प्रकाशाचाही जमतो. दोन्हींची रीत जवळपास एकच आहे. काळोखात फोकस साधायची पहिली धडपड उणे तापमानात, हातमोजे घालून करायची वेळ येऊ नये.

हानलेला जायचं तर

हानलेची भारतीय खगोलीय वेधशाळा सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था ती चालवते. इथला दोन मीटरचा हिमालयन चंद्र दुर्बीण संच बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत हाताळला जातो. २०२२ मध्ये हा परिसर काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथे रात्री बाहेर पांढरे दिवे लावण्यावर बंधनं आहेत आणि गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन आकाश दाखवण्याचं प्रशिक्षण मिळालं आहे. वेधशाळेचे अभियंते दोर्जे आंगचुक यांची इथल्या आकाशाची छायाचित्रं देशभर पाहिली जातात.

लेहहून हानले अडीचशे किमीहून जास्त आहे. परमिटचे नियम निघण्याआधी तपासून घ्या. लेहच साडेतीन हजार मीटरवर असल्याने तिथे किमान दोन दिवस थांबून शरीराला सवय होऊ द्या. विमानातून उतरून थेट हानले गाठणं जिवावर बेतू शकतं. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगावरच्या खिशात ठेवा. टॉर्च लाल असावा. मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका.

आणि मुख्य गोष्ट: फक्त ध्रुवीय प्रकाशासाठी म्हणून लडाखची सहल ठरवू नका. 'हमखास दाखवतो' असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. ही हमी कोणालाच देता येत नाही. हानलेला जावं ते आकाशगंगेसाठी. ती स्वच्छ, चंद्र नसलेल्या रात्री हमखास दिसते. लाल उजेड दिसलाच तर ती वरकड कमाई समजायची.

खरा की फसवा? पाच प्रश्न

मे २०२४ च्या त्या शनिवारी सकाळी माझ्याही फोनवर एक फोटो आला होता. खाली आपल्या भागातला वाटावा असा किल्ला, वर हिरवे-जांभळे पडदे आणि 'काल रात्री आपल्याकडे' अशी ओळ. घाईत बातमी लावायला बसलोही होतो. मग मनात आलं, हिरवा रंग आणि तोही डोक्यावर, आपल्या अक्षांशावर? तिथेच थांबलो. असा फोटो आला की हे पाच प्रश्न विचारा:

१. रंग कोणता? भारतातला म्हणून हिरवे पडदे दाखवले असतील तर फोटो खोटा किंवा दुसरीकडचा.
२. उजेड कुठे आहे? तो उत्तरेकडच्या क्षितिजालगत हवा. डोक्यावर किंवा दक्षिणेला असेल तर दुसरंच काही आहे.
३. त्या रात्री वादळाचा दर्जा किती होता? जी-४ च्या खाली असेल तर संशय घ्या.
४. वेळ कोणती? सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या तासाभरातला लाल रंग बहुधा संधिप्रकाशच असतो.
५. खाली शहर, कारखाना किंवा ढग आहेत का? ढगावर पडलेला दिव्यांचा उजेड कॅमेऱ्यात हुबेहूब तसा दिसतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. काळोख्या जागी लांब वेळेच्या फोटोत आकाशभर फिकट हिरवी झाक येते. तो ध्रुवीय प्रकाश नव्हे. वरच्या हवेचा हा स्वतःचा मंद उजेड वादळ नसतानाही असतो. त्यात लबाडी नाही, फक्त गैरसमज होतो.

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी

सीमाभागातल्या कितीतरी घरांतली मुलं आज कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत आहेत. त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. मे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या अनेकांनी स्वतःच्या परसातून, बाल्कनीतून हा प्रकाश पाहिला. मे महिन्यात तर अमेरिकेत तो पार फ्लोरिडापर्यंत दिसला. जी-४ चा इशारा आला आणि आकाश निरभ्र असलं, तर शहराच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेला मोकळं क्षितिज असलेल्या जागी जायला त्यांना सांगा. डोळे काळोखाला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ फोनच्या पडद्याकडे बघू नये. आणि आईवडिलांना व्हिडिओ कॉल लावायच्या आधी एक फोटो काढून घ्यावा. कॉलवर तो उजेड बहुधा येतच नाही.

राहिले आपण. पुढचा जी-५ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. आला आणि रात्र निरभ्र असली, तर उत्तरेकडचा दिवा मालवून एक फोटो काढायला काही खर्च नाही. बहुधा काहीच येणार नाही. पण १८७२ च्या त्या रात्री मुंबईकरांनी वर पाहिलं, म्हणून ती नोंद आज आपल्याकडे आहे.